कथिलाचा धागा

थोरली स्फटिक वाढवायची. म्हणजे नेमकं काय करायची, हे तिच्या आईला कधी नीटसं कळलं नाही. लेक काय करते असं कुणी विचारलं की आई सांगे, "दगड शिजवते." आणि खरं पाहिलं तर त्यात फारसं खोटंही नव्हतं. तीन-चार धातूंचे तुकडे तोलून चिमुकल्या मुशीत भरायचे, वर भरपूर कथील घालायचं, ती मूस काचेच्या नळीत ठेवून आतली हवा ओढून काढायची, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं आणि नळी भट्टीत सोडून द्यायची. कथील पातळ झालं की बाकीचे धातू त्यात साखरेसारखे विरघळतात. मग भट्टी इतकी सावकाश निववायची की आतल्या अणूंना आपापली जागा शोधायला सवड मिळावी. त्यात आठवडेच्या आठवडे जात. शेवटी नळी गरम असतानाच उलटी करून गरगरा फिरवायची, म्हणजे पातळ कथील उडून जातं आणि मागे राहतात नखाएवढे, आरशासारखे चकचकीत स्फटिक. राहिले तर. निम्म्या वेळा नुसती राखाडी ढेकळं निघत. अशा वेळी थोरली नळीकडे बघून म्हणे, "बरं बाई, रुसलीस तर रुस," आणि पुन्हा तोलायला बसे.

धाकटा तिच्याहून दहा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, आई दिवसभर कामावर, तेव्हा त्याला कडेवर घेऊन फिरणारी, शाळेत सोडणारी, त्याचं नाक पुसणारी थोरलीच. तिच्या मागोमाग तोही पदार्थविज्ञानात आला. स्फटिकाला तारा जोडायला त्याला तिनेच शिकवलं. तार केसाहून बारीक, सोन्याची. चांदीच्या लेपाचा एक टिपका घ्यायचा आणि श्वास रोखून तार टेकवायची. महिनाभरातच त्याचे टिपके तिच्याहून देखणे पडू लागले. तिला याचा हेवा वाटला नाही. उलट ती चारचौघांत मिरवायची, "याच्या बोटांत जादू आहे. माझ्यात नुसता चिवटपणा."

जादू त्याच्या जिभेवरही होती. कुठल्याही खोलीत शिरला की पाच मिनिटांत खोली त्याची. त्यामुळे मोठ्या संस्थेत त्याला जागा मिळाली, भारी यंत्रं मिळाली, हाताखाली डझनभर माणसं आली. थोरली राहिली जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. तिथे खिडकीबाहेर सायकली लावलेल्या असत, आणि हिवाळ्यात सगळा विभाग काही ना काही निमित्त काढून तिच्या भट्ट्यांपाशी हात शेकायला येई. पण दोघांचं एक ठरलेलं होतं. ती वाढवणार, तो मोजणार. स्फटिक कापसात गुंडाळून डबीत घालून ती पाठवायची, आणि तो ते द्रव हेलियमच्या थंडीत बुडवून त्यांच्या पोटात काय चाललंय ते शोधून काढायचा.

गेली काही वर्षं दोघंही एकाच पदार्थामागे होती. हा पदार्थ चुंबकीय होता, आणि विचित्र चुंबकीय. थंड केला की त्यातल्या अणूंचे इवले चुंबक जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत वळत उभे राहत. आणखी खूप खाली, जवळजवळ सगळी ऊब संपते तिथे, ते पुन्हा एकदा मांडणी बदलत असणार, असं थोरलीला वाटायचं. तिच्याकडचं यंत्र तेवढ्या खाली जात नव्हतं. धाकट्याकडचं जाई. "पुढच्या खेपेला बघू," तो दर वेळी म्हणायचा.

तिच्याकडे संशोधन करणारी एक विद्यार्थिनी होती. अंगाने लहानखुरी, आणि हातात कायम काहीतरी वाहून नेत असलेली, म्हणून विभागात तिला सगळे मुंगी म्हणत. तिच्या प्रबंधाचा विषयही हाच पदार्थ.

एका सकाळी धाकट्याचा फोन आला. थोरली मूस तोलत होती, म्हणून फोन मुंगीने तिच्या कानाशी धरला.

"ताई, शून्य!"

"काय शून्य?"

"रोध! तुझ्या स्फटिकाचा रोध शून्यावर आला. सरळ खाली, कड्यावरून दगड पडावा तसा. अतिवाहक आहे गं हा!"

थोरलीच्या हातातला चिमटा खाली पडला. वीज ज्यातून काही न गमावता वाहते तो अतिवाहक. असे पदार्थ पुष्कळ आहेत. पण चुंबकत्व आणि अतिवाहकता म्हणजे साप आणि मुंगूस. चुंबकीय पदार्थात, आणि तेही एवढ्या वरच्या तापमानाला अतिवाहकता सापडणं म्हणजे जगाने वळून बघावं अशी गोष्ट होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंगीने तर उडीच मारली.

मग डोळे पुसून थोरलीने विचारलं, "चुंबकाचं मोजलंस का?"

हा प्रश्न तिला त्यानेही विचारला असता. खरा अतिवाहक बाहेरचं चुंबकीय क्षेत्र आपल्या अंगातून हाकलून देतो. नुसता रोध शून्य झाला, यावर विसंबता येत नाही. दगडाच्या पोटात दुसऱ्याच कशाचा एक बारीक धागा अतिवाहक असला, तरी वीज त्या चोरवाटेने पार जाते आणि सगळा दगड बदलला असं आपल्याला वाटतं.

"होईल गं तेही," धाकटा म्हणाला. "आधी निबंध पाठवू या. दोन ठिकाणची माणसं याच्याच मागे आहेत. आपण नाही पाठवला तर ते पाठवतील."

"आधी मोज. मग माझं नाव घाल."

"ताई, हट्ट करू नकोस."

"हट्ट नाही रे, रीत आहे. तुलाही ठाऊक आहे."

त्याने फोन ठेवला. काही आठवड्यांत निबंध छापून आला, फार मोठ्या नियतकालिकात. लेखकांत थोरलीचं नाव नव्हतं. शेवटी बारीक अक्षरांत स्फटिक दिल्याबद्दल तिचे आभार होते. नाव घालू नको असं तिनेच सांगितलं होतं, तरी ती बारीक ओळ तिने दोनदा वाचली.

मग काय विचारता! धाकटा टीव्हीवर दिसू लागला. वेगवेगळ्या शहरांत त्याची व्याख्यानं झाली. त्याच्यासाठी नवं केंद्र उभारायचं ठरलं, पायाही खणला गेला. आई त्याच्याकडेच राहायची, शेजारपाजारच्या बायकांना ती सांगे, "माझ्या लेकाने दगडातून वीज काढली." तो दगड कुणी शिजवला, हे सांगायचं तिच्या ध्यानात येत नसे.

इकडे तळमजल्यावर थोरली आणि मुंगी त्याच घाण्यातले स्फटिक एकेक करून तपासत होत्या. आरंभी दोघींना मनापासून वाटत होतं की धाकटा बरोबर निघावा. मुंगीचं तर नशीबच त्यावर होतं. पण काही स्फटिकांत रोध शून्य होई आणि काहींत अजिबात हलत नसे. मुंगीने ते फोडले. फोडलेले तुकडे पातळ आम्लात बुडवून ठेवले, आतपर्यंत मुरू दिले. बाहेर काढून पुन्हा थंड केले, तर शून्य गायब! शेवटी आम्लात न बुडवलेल्या एका तुकड्याची चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा पोटातून गेलेली एक तिरकी भेग दिसली आणि भेगेत भरलेला, कोळ्याच्या तंतूसारखा एक धागा. कथील नळीतून उडवताना थोडं आत अडकलं होतं, आणि तिथल्याच एका धातूशी मिळून त्याचं एक तिसरंच संयुग झालं होतं. असली संयुगं अतिवाहक असतात, ही फार जुनी गोष्ट. त्यात कुणालाही नवल नाही. मुंगीने ते संयुग वेगळं बनवलं, थंड केलं. धाकट्याच्या निबंधातल्याच तापमानाला ते शून्यावर आलं.

"मॅडम, आता?" मुंगीने विचारलं.

"आता लिहायचं," थोरली म्हणाली. "पण आधी मी त्याला घरी जाऊन सांगते. दुसऱ्याकडून कळलं तर बरं नाही दिसणार."

रविवारी दुपारी ती गेली. भावजय मुलांना घेऊन माहेरी गेलेली. जेवणं झाल्यावर आई आत कलंडली. थोरलीने पिशवीतून आलेख आणि त्या धाग्याचा फोटो काढून टेबलावर ठेवला. तो काय काय हरकती घेईल याचा विचार ती वाटभर करत आली होती आणि प्रत्येक हरकतीला उत्तर तयार होतं. धाकट्याने फोटो उचलला, बराच वेळ पाहिला, खाली ठेवला. एकही हरकत घेतली नाही.

"संयुग वेगळं करून पाहिलं," ती म्हणाली. "तुझ्याच तापमानाला उतरतं. केसभर इकडेतिकडे नाही."

"हं."

"हं काय? चुंबकाची मापं तू शेवटी घेतलीस की नाहीस?"

त्याने कागद एकावर एक नीट रचले. "घेतली."

"कधी?"

"निबंध छापून यायच्या आधी." त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं. "शंभरातला एखादा भाग क्षेत्र हटवतो. बाकीचा दगड ढिम्म."

थोरलीला वाटलं आपण ऐकण्यात काही चुकलो. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"संशय होता."

"शंभरातला एक भाग म्हणजे संशय? अरे, तुझ्या हाताखालच्या पोराने असं सांगितलं असतं तर तू त्याला दारात उभं केलं असतंस का?"

"ताई, हळू बोल." तो खुर्ची ओढून जवळ आला, लहानपणी काही मागायचं असलं की यायचा तसा. "केंद्राच्या भिंती उभ्या राहिल्यात. माणसं घरदार सोडून तिथे यायला निघाली आहेत. आता हे बाहेर आलं तर सगळं कोसळेल. एक वर्ष थांब. केंद्र सुरू होऊ दे. मग मीच हळूच म्हणेन की नव्या मापांत वेगळं दिसतंय. सगळे असंच करतात."

"आणि तोवर जगभरची पोरं या धाग्यामागे धावत राहू देत?"

"धावू देत. त्यातूनही शिकतातच."

आवाजाने आई उठून आली. दाराच्या चौकटीला धरून तिने दोघांकडे पाहिलं. "काय चाललंय तुमचं?"

"आई, याने चुकीचं छापलंय, आणि चुकीचं आहे हे याला माहीत आहे."

"मग सांगितलंस ना त्याला? झालं तर. गावभर कशाला करतेस?"

"आई, हे घरातलं नाही गं..."

"घरातलं नाही तर काय? भाऊ आहे तुझा. तुला ना लेक ना सून, तू एकटा जीव. त्याच्यामागे संसार आहे. त्याच्या अन्नात माती कालवून तुला काय मिळणार आहे?"

"माझ्याकडे एक मुलगी काम करते. तिची चार वर्षं..."

"परक्याची पोर ती," आई म्हणाली. "सख्ख्याला बुडवून परक्याला तारणारी तू एकटीच बघितली."

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं. आईला गप्प करणं त्याला अवघड नव्हतं, एक शब्द पुरला असता. तो टेबलावरच्या कागदांचे कोपरे जुळवत राहिला.

बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. चूक झाली याचं तिला काही वाटत नव्हतं. चुका तिने आयुष्यभर भट्टीतून काढून कचऱ्यात टाकल्या होत्या. तिला सारखी दिसत होती ती त्याची बोटं. त्या बोटांनी सुरेख तारा जोडल्या असतील, मापही नेहमीसारखं अचूक घेतलं असेल, आणि मग तो कागद खणात सरकवून, हात धुऊन तो व्याख्यानाला गेला असेल. उतरायचा थांबा मागे पडला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

दोघींनी निबंध लिहिला आणि त्याच मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. विषय मोजक्याच वाचकांच्या आवडीचा आहे, असं कळवलं होतं. शून्याची बातमी हजारोंच्या आवडीची आणि ते शून्य खोटं असल्याची मोजक्यांच्या! शेवटी एका लहान नियतकालिकाने छापला. कुणी वाचला नाही. ज्यांनी वाचला ते हसले. एका परिषदेत मुंगी व्यासपीठावर उभी राहून आलेख दाखवत होती, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापकाने तिला मध्येच थांबवून म्हटलं, "भावाबहिणीची भांडणं घरात मिटवावीत. आम्हाला कशाला पंच करता?" सभागृहात खसखस पिकली. मुंगीने उरलेले आलेख घाईघाईने दाखवले आणि खाली उतरली. चहाच्या वेळी थोरलीला पाठीमागून ऐकू आलं, "जळते हो. भाऊ पुढे गेला ना."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. उजाडलं, पण दुसऱ्याच्या अंगणात. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने तेच फोडून, तेच धुऊन, तोच धागा पुन्हा शोधला आणि वाजतगाजत जाहीर केला. मुंगीचा निबंध त्यांच्या टिपांत कुठेतरी एका आकड्यापुरता होता.

आता धाकट्याचं काय होणार, म्हणून थोरलीला दोन दिवस जेवण गेलं नाही. राग होता तरी कडेवरचं पोर होतं ते. पण धाकट्याला काही झालं नाही. त्याने आपला निबंध स्वतःहून मागे घेतला आणि एक व्याख्यान दिलं. विज्ञान आपली चूक आपणच कशी दुरुस्त करतं, आणि चूक कबूल करायला किती धैर्य लागतं, यावर ते व्याख्यान होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वर्तमानपत्रांनी त्याच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गायले. केंद्र उभं राहिलंच होतं. तिथल्या माणसांनी दुसरा पदार्थ हाती घेतला.

बुडाला तो पहिला पदार्थ. त्याचं नाव काढलं की लोक डोळे मिचकावू लागले. अनुदान देणाऱ्या समितीने थोरलीला कळवलं की या पदार्थावरचं काम आता पुढे चालवण्यात अर्थ दिसत नाही. तिने समजावून पाहिलं. शून्य खोटं होतं, दगड खरा आहे. त्याचं चुंबकत्व अजून कुणी नीट बघितलेलंच नाही. समितीतल्या बाई समजूतदारपणे मान हलवत होत्या. "पण मॅडम," त्या म्हणाल्या, "त्या नावावर आता पैसा मागायचा म्हणजे..." आणि वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मुंगीला पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही. मुलाखतीला गेली की समोरचे विषय वाचत, एकमेकांकडे बघत. शेवटी ती विजेच्या तारा बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात लागली. निघायच्या दिवशी तिने आपली सूक्ष्मदर्शकाची खुर्ची पुसली, चिमटे जागेवर ठेवले.

"मॅडम, आपण बरोबर होतो ना?"

"होतो."

"मग?"

थोरलीने मुंगीची पिशवी उचलली आणि फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेली.

यानंतर दोनेक वर्षांनी थोरलीने धाकट्याच्या केंद्राकडे अर्ज केला. अगदी खालच्या तापमानाला जाणारं यंत्र तिथेच होतं, आणि बाहेरच्या लोकांना ते पाळीपाळीने वापरू देत. भाऊ म्हणून तिने काही मागितलं नाही. रांगेत राहिली, पाळी आली तेव्हा स्वच्छ धुतलेले, फोडून तपासलेले स्फटिक घेऊन गेली. पाहुण्यांच्या खोलीत उतरली, उपाहारगृहात जेवली.

दुसऱ्या दिवशी धाकटा यंत्राच्या खोलीत आला. केस पुष्कळ पिकले होते.

"ताई, कळवलं का नाहीस? घर असताना इथे राहतेस?"

"इथून जवळ पडतं."

"आई विचारते तुझ्याबद्दल."

"गुडघे कसे आहेत तिचे?"

"आहेत तसेच." मग तो हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा तू जरा जोर करायला हवा होतास. मी ऐकलं असतं."

थोरली तार जोडत होती. तिने हातातला टिपका पुरा केला, तार सुटत नाही ना ते पाहिलं, आणि मग मान वर केली. "तू जा आता," ती म्हणाली. "माझा हात हलतो."

तो गेला. यंत्र थंड व्हायला वेळ लागला. दुपारनंतर पडद्यावर रेघ पुढे सरकू लागली आणि थोरलीला इतकी वर्षं जिथे वाटत होतं त्याच्या अगदी जवळ येऊन रेघेने टुणकन उडी मारली. चुंबकांनी मांडणी बदलली होती. तिने पुन्हा गरम करून पुन्हा थंड करायला लावलं, उडी तिथेच. दुसरा स्फटिक घेतला, त्यातही तिथेच.

यंत्र चालवणारा तरुण तंत्रज्ञ खूश झाला. नोंद करताना त्याने पदार्थाचं नाव वाचलं आणि थबकला. "हा तोच ना, तो फसवा?"

"तोच."

"चांगलं माप आहे हो. पण या नावाने कोण वाचणार? नुसता नमुन्याचा क्रमांक टाकू का?"

"नको," थोरली म्हणाली. "आहे ते नाव लिहा."

तिने बाहेर व्हरांड्यात येऊन मुंगीला फोन लावला. पलीकडे यंत्रांची घरघर इतकी होती की दोनदा ओरडून सांगावं लागलं. "उडी सापडली! आपण म्हणत होतो तिथेच!"

"हो का? छान झालं, मॅडम," मुंगी म्हणाली. मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. "शिफ्ट सुरू आहे माझी, आता नाही बोलता येणार. नंतर करू फोन?"

"कर, कर," थोरली म्हणाली. फोन बंद झाला होता. ती आत गेली आणि स्फटिक बाहेर काढता यावा म्हणून यंत्र गरम करायला सांगितलं.